मोटारीची तेलगळती : निदान आणि स्वल्प खर्चाचे उपाय

पावसाळा सरला आणि अंगण पुन्हां सारविण्यांत येऊं लागलें, म्हणजे घरच्या मोटारीचें एक गुपित उघडकीस येतें. चार महिने पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणारा तेलाचा थेंब आतां स्वच्छ सारवणावर काळा डाग होऊन बसतो, आणि तो प्रथम दिसतो तो बहुधा सकाळीं रांगोळी घालावयास आलेल्या सुनेस. पुरुषमंडळी ‘जुनी गाडी आहे, गळायचेंच’ असें म्हणून चहाच्या पेल्याकडे वळतात. पुढें एके दिवशीं पाहुण्यांस आणावयास निघालेल्या गाडीच्या तबकडीवर तांबडा दिवा लागतो, आणि मग गॅरेजवाल्याच्या तोंडून जो आंकडा निघतो तो ऐकून तोच चहा कडू लागतो.

पोशीर हा गांव रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत नेरळच्या बाजूस आहे. त्याच नांवाची नदी या भागांतून वाहत जाऊन उल्हासेस मिळते. अशा गांवांतील एकत्र कुटुंबांत मोटार ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. मुंबईस नोकरीस जाणाऱ्यास पहाटेच्या लोकलपर्यंत पोंचविणें, आजोबांस दवाखान्यांत नेणें, भाताच्या बियाण्याचीं पोतीं आणणें, सुट्टींत आलेल्या भाच्यांस माथेरानच्या घाटानें दस्तुरीपर्यंत चढवून नेणें, हीं सर्व कामें एकाच गाडीच्या माथीं असतात. ती गाडीहि बहुधा कोणाची तरी वापरून झालेली, दहा-बारा वर्षांची असते. तिच्या दुरुस्तीस लागणारा पैसा घरांतील दुसऱ्या एखाद्या गरजेंतूनच काढावा लागतो. यास्तव तेलगळती म्हणजे काय, ती कोठून होते हें घरच्या घरीं कसें ओळखावें, आणि कोणत्या गळतीस किती खर्च करणें शहाणपणाचें, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे. यांतील पुष्कळसें काम कोणासहि करतां येण्यासारखें आहे. त्यास यंत्रविद्येची पदवी लागत नाहीं, डोळे व धीर लागतो.

स्नेहाचें कार्य

संस्कृतांत तेलातुपास ‘स्नेह’ म्हणतात आणि प्रेमासहि तोच शब्द आहे. दोन कठीण वस्तु एकमेकींवर घांसल्या जाऊं नयेत म्हणून मध्यें जें मार्दव लागतें, तें पुरविणें हेंच दोहोंचें काम. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस हें अधिक समजावून सांगणें नको. चरकानें आपल्या संहितेच्या सूत्रस्थानांत अभ्यंगाचें महत्त्व सांगतांना तेल मुरलेला घट, तेल चोळलेलें चामडें आणि वंगण घातलेला गाड्याचा आंस असे तीन दृष्टांत दिले आहेत. वंगणानें आंस जसा दृढ व क्लेश सोसणारा होतो, तसें अभ्यंगानें शरीर होतें, असा त्याचा आशय. बैलगाडीच्या आंसास वंगण घालणारा आपला शेतकरी तोच नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आला आहे.

मोटारीच्या इंजिनांत हाच स्नेह अधिक कामें करतो. लहान गाडींत साधारणपणें तीन ते चार लिटर तेल असतें. तें तळच्या पसरट भांड्यांत सांठलेलें असतें. या भांड्यास मिस्त्री लोक ‘चेंबर’ म्हणतात. तेथून पंप तें वर ओढतो, फिल्टरांतून गाळून घेतो आणि बारीक वाटांनीं फिरत्या भागांपर्यंत दाबानें पोंचवितो. आपलें काम करून तेल पुन्हां चेंबरांत ओघळतें. घर्षण कमी करणें, उष्णता वाहून नेणें, काजळी व धातूचा कीस आपल्यांत ओढून घेणें आणि दट्ट्याच्या कड्यांजवळची सूक्ष्म फट बुजविणें, अशीं चार कामें तें एकाच वेळीं करतें.

येथें एक भेद नीट ध्यानांत घ्यावा, कारण पुढील सर्व निदान त्यावर अवलंबून आहे. पंप, फिल्टर, तेलाच्या दाबाचा स्विच आणि आंतील वाटा येथें तेल दाबाखालीं असतें. चालत्या इंजिनांत हा दाब दर चौरस सेंटीमीटरास साधारण 2 ते 4 किलो असतो. उलट वरचें टॅपेट कव्हर, तळचें चेंबर, दोन्ही टोकांचीं सीलें या ठिकाणीं तेल नुसतें उडतें किंवा ओघळतें. म्हणून पहिल्या वर्गांतील गळती इंजिन चालू असतांना जोरानें होते व थोड्या वेळांत पुष्कळ तेल घालविते; दुसऱ्या वर्गांतील गळती पाझरासारखी मंद असते. गळतीचा वेग हाच तिच्या ठिकाणाचा पहिला साक्षीदार होय.

पूर्वरूप आणि रूप

आपल्या वैद्यकांत रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. यंत्राच्या रोगासहि हाच क्रम उत्तम लागू पडतो.

पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वींचीं चिन्हें. चढ चढून गाडी थांबविली असतां जळक्या तेलाचा वास येणें. बॉनेटच्या फटींतून विरळ निळसर धूर दिसणें. इंजिनाचा एखादा भागच धुळीनें माखून काळा चिकट झालेला आढळणें. आणि डिपस्टिकवरील तेलाची रेघ महिन्यागणिक खालीं सरकणें, हीं तीं चिन्हें. डिपस्टिक पाहतांना गाडी सपाट जागीं असावी, इंजिन बंद करून दहा मिनिटें लोटलेलीं असावींत, आणि पट्टी एकदां पुसून पुन्हां घालून मग वाचावी. पट्टीवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात; पुष्कळशा गाड्यांत त्या दोहोंमधील अंतर सुमारें एका लिटराचें असतें. घाईनें भरून तेल कमाल खुणेच्या वर नेणें हाहि दोषच आहे, कारण तें जादा तेल फेंसाळतें आणि सीलांवर भार टाकतें.

तेल कमी होतें आणि जमिनीवर डाग मात्र नाहीं, असें असेल तर तें गळत नसून जळत आहे असें समजावें. सकाळीं गाडी सुरू करतांना मागील नळींतून निळा धूर निघाला, तर हा संशय दृढ होतो. त्याचा उपाय निराळा, म्हणून तो येथें सोडून देतों.

रूप म्हणजे प्रत्यक्ष डाग. पण मोटारीखालचा प्रत्येक डाग इंजिनच्या तेलाचा नसतो. वातानुकूलनाचें स्वच्छ पाणी उन्हाळ्यांत धारेनें पडतें. तें दोष नव्हे. हिरवट, तांबूस किंवा निळसर आणि गोडसर वासाचें पाणी रेडिएटरचें असतें. तें वाटींत वा खळग्यांत सांचूं देऊं नये, कारण तें विषारी असून कुत्रीं-मांजरीं चाटतात. घट्ट, उग्र गंधकासारख्या वासाचें तेल गिअरपेटीचें. पॉवर स्टिअरिंगचें तेल पुष्कळदां तांबडें असतें. पिंवळसर, पातळ, बोटास निसरडें लागणारें द्रव एखाद्या चाकाच्या आंतल्या बाजूस किंवा ब्रेकच्या पायटीजवळ आढळलें, तर तें ब्रेकचें तेल आहे असें समजून गाडी हालवूंच नये. तेथें काटकसरीचा विचार करण्याचें कारण नाहीं. इंजिनचें तेल नवें असतां मधासारखें आणि वापरलेलें असतां तपकिरी वा काळें दिसतें, तें चिकट असतें आणि कागदावर पसरट डाग पाडतें.

थेंबाचें मूळ शोधणें

रात्रीं गाडी सपाट जागीं उभी करून तिच्याखालीं एक मोठा पांढरा पुठ्ठा सरकवावा. पुढील दोन्ही चाकांच्या जागा पुठ्ठ्यावर पेन्सिलीनें आंखून ठेवाव्या. सकाळीं किती थेंब, कोणत्या रंगाचे, व चाकांपासून कोठें पडले, हें तारखेसह टिपून ठेवावें. तीन रात्रींचे पुठ्ठे शेजारीं ठेवले असतां गळती स्थिर आहे कीं वाढती, हें शाळकरी मुलासहि सांगतां येईल. बहुतेक लहान गाड्यांत इंजिन पुढें आडवें बसविलेलें असतें. तेव्हां डाग पट्ट्याच्या बाजूस आहे कीं गिअरपेटीच्या बाजूस, एवढें पाहिलें तरी निम्मा शोध संपतो. ओम्नीसारख्या गाडींत इंजिन पुढील आसनाखालीं असल्यामुळें डाग गाडीच्या पोटाजवळ पडेल, हें विसरूं नये.

परंतु थेंब जेथें पडतो तेथेंच गळती असते, असें मानणें हा या विषयांतील सर्वांत महाग पडणारा भ्रम आहे. कौलारू घरांत राहिलेल्यांस हें सहज पटेल. पाणी देवघरांत टपकतें, पण फुटलेलें कौल चार हात वर, भलत्याच रांगेंत असतें. पाणी वाशावरून वाहत आलेलें असतें. तेलहि इंजिनच्या अंगावरून उताराकडे वाहतें, आणि गाडी धांवत असतां वाऱ्यानें मागें लोटलें जातें. म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदु शोधावा. मूळ तेथें किंवा त्याच्या अगदीं जवळ असतें.

हें पाहण्यास इंजिन स्वच्छ असलें पाहिजे. थंड इंजिन रॉकेलांत किंवा डिझेलांत भिजविलेल्या चिंधीनें व जुन्या ब्रशानें पुसावें, मग साबणाच्या पाण्यानें ओल्या फडक्यानें पुसून पूर्ण वाळूं द्यावें. विजेच्या तारा व जोड यांवर पाण्याची धार मारूं नये. हें करतांना जवळ विडी, काडी, निरांजन कांहीं नसावें. वाळलेल्या अंगावर, पट्टे व फिरते भाग वगळून, अंगास लावण्याची साधी पावडर हलक्या हातानें भुरभुरावी. मग इंजिन चालू करून दहा-पंधरा मिनिटें तापूं द्यावें, किंवा गांवापर्यंत एक फेरी मारून यावें. पांढऱ्या पावडरीवर ओलसर रेघ उमटते आणि तिचें वरचें टोंक गळतीचें मूळ दाखवितें. मोठ्या गॅरेजांत तेलांत चमकणारा रंग घालून जांभळ्या किरणांच्या दिव्यानें पाहतात. तत्त्व तेंच, साधन महाग.

एक सूचना मात्र अक्षरशः पाळावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं डोकें कधींहि घालूं नये. जॅक हा उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. मागील चाकांस दगडाची उटी द्यावी, गाडी मजबूत घोड्यांवर टेकवावी आणि जमीन ओली असतां हा उद्योगच करूं नये. आरसा व विजेरी यांच्या साह्यानें पुष्कळसें वरूनच दिसतें.

एका घरची हकीकत

पोशीरच्या एका घरांतील दहा-बारा वर्षांच्या पेट्रोल गाडीची हकीकत आमच्या पाहण्यांतील आहे. घर एकत्र, तीन भाऊ, त्यांचीं मुलेंबाळें आणि वृद्ध मातोश्री. गाडी मधल्या भावाच्या नांवावर, पण वापर सर्वांचा. इंजिन व गिअरपेटी जेथें जुळतात त्या जागेखालीं रोज रात्रीं पांच-सहा थेंब पडत. शहरांतील एका गॅरेजांत खालून पाहून निर्णय देण्यांत आला कीं, मागील मुख्य सील गेलें आहे. गिअरपेटी उतरवावी लागेल, आणि इतकें खोलल्यावर क्लच व इतर कांहीं भागहि बदलून घेणें बरें. अंदाज ऐकून थोरल्या भावाचा चेहरा उतरला. त्याच महिन्यांत त्याच्या कन्येच्या महाविद्यालयाचें शुल्क भरावयाचें होतें, आणि दोन्ही खर्च एका वेळीं झेपणारे नव्हते. गाडी विकून टाकावी कीं शुल्कासाठीं कर्ज काढावें, येथवर बोलणें गेलें.

गांवच्या मिस्त्र्यानें मात्र खालून पाहण्याऐवजीं वरून पाहण्यास प्रारंभ केला. इंजिन पुसून, वाळवून, पावडर टाकून गाडी नेरळपर्यंत नेऊन आणली. ओली रेघ तळापासून नव्हे, तर टॅपेट कव्हराच्या मागील कोपऱ्यापासून सुरू झालेली दिसली. तेथून तेल इंजिनच्या पाठीवरून गिअरपेटीच्या घुमटावर उतरत होतें, आणि मुख्य सील गेलें असतां जेथें टपकेल बरोबर तेथेंच टपकत होतें. कव्हराचें रबरी पॅकिंग उष्णतेनें लांकडासारखें कडक झालें होतें. तें कांहीं शेंकड्यांत नवें आलें आणि एका दुपारीं बसविलें गेलें.

पंधरा-वीस दिवस पुठ्ठा कोरा राहिला. नंतर पुन्हां दोन थेंब दिसूं लागले. येथें घाबरून जाऊन ‘मुख्य सीलच असेल’ या जुन्या निर्णयाकडे वळणें सोपें होतें. पण नवें पॅकिंग इतक्यांत कां हरावें, हा प्रश्न विचारणें अधिक युक्त होतें. वैद्यकांत यासच संप्राप्तीचा विचार म्हणतात. इंजिनांत दट्ट्याच्या कड्यांतून थोडा वायु सतत चेंबरांत उतरत असतो. तो बाहेर काढून पुन्हां इंजिनांत जाळण्यासाठीं एक नळी व एक लहान झडप असते, तिला पी.सी.व्ही. झडप म्हणतात. ही झडप तुंबली कीं वायूस मार्ग राहत नाहीं, आंत दाब वाढतो, आणि तो जेथें दुबळा सांधा मिळेल तेथून तेलास बाहेर लोटतो. मग पॅकिंग कितीहि वेळां बदला, गळती जागा बदलील, पण थांबणार नाहीं.

ही गाडी वर्षानुवर्षें घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या करीत होती. इतक्या थोड्या अंतरांत इंजिन पुरतें तापत नाहीं. पावसाळी हवेंतील ओल आंत सांचून तेलाशीं मिसळते आणि तिचा पिंवळसर लोण्यासारखा गाळ होतो. त्या गाळानें झडप व नळी दोन्ही बुजलीं होतीं. नळी पेट्रोलानें धुतली, झडप नवी घातली. दोहोंस मिळून पॅकिंगहूनहि कमी पैसे लागले. इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचें झांकण काढलें आणि तोंडावर पातळ कागद धरला, तर पूर्वीं तो उडत होता, आतां तो हलकेच आंत ओढला जाऊं लागला. त्यानंतरचा सबंध पावसाळा पुठ्ठा कोरा गेला, आणि कन्येचें शुल्क वेळेवर भरलें गेलें.

या हकीकतींत उपशयाचाहि धडा आहे. जेथें रोग नक्की कळत नाहीं, तेथें सौम्य व स्वस्त औषध देऊन परिणाम पाहावा आणि त्यावरून रोग ओळखावा, ही त्यांतील युक्ति. मोटारींतहि स्वस्त संशय आधीं फेडावे आणि महाग संशय शेवटीं.

स्वस्तापासून महागाकडे

वरील तत्त्वानें गळतीचीं सामान्य स्थानें क्रमानें सांगतों. किंमती गाडीप्रमाणें व गांवाप्रमाणें बदलतील. त्यांचें परस्पर प्रमाण ध्यानांत ठेवावें.

पहिलें स्थान तेल काढण्याच्या बोल्टाचें. त्याखालचा तांब्याचा वा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदां दाबला गेला कीं पुन्हां तसा बसत नाहीं; दर वेळीं तेल बदलतांना तो नवा घालावा. हा वीस-पन्नास रुपयांचा प्रश्न आहे. तो न सोडवितां बोल्टच अधिक आवळला, तर चेंबरांतील आटे जातात आणि वीस रुपयांचें काम हजारांवर जातें.

दुसरें स्थान फिल्टर. नवा फिल्टर बसवितांना जुन्याचें रबरी कडें इंजिनासच चिकटून राहिलें, तर दोन कडीं एकावर एक बसतात आणि दाबाखालचें तेल झपाट्यानें बाहेर पडतें. तेल बदलल्यावर लगेच सुरू झालेली गळती बहुधा येथील किंवा वरील बोल्टाची असते. कड्यास बोटानें तेल लावून फिल्टर हातानें घट्ट करावा. पान्याची ताकद येथें लावूं नये.

तिसरें, तेल भरण्याच्या झांकणाचें रबर. चौथें, तेलाच्या दाबाचा स्विच. हा अंगठ्याएवढा भाग आंतून फुटला कीं त्याच्या तारेच्या जोडांतून तेल पाझरतें. तो दाबाखालीं असल्यामुळें गळती मोठी दिसते आणि पाहणारा भिऊन जातो. प्रत्यक्षांत तो कांहीं शेंकड्यांत मिळतो आणि बदलण्यास थोडाच वेळ लागतो.

पांचवें स्थान टॅपेट कव्हराचें पॅकिंग. जुन्या इंजिनांत, उदाहरणार्थ कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत, बुचाच्या लांकडाचीं व कागदाचीं पॅकिंगें असत. हल्लीं बहुधा घडीव रबराचीं असतात. गळूं लागलें कीं बोल्ट आवळण्याची इच्छा होते. जरा सैल झालेला बोल्ट बेतानें आवळणें ठीक; पण अति आवळल्यानें बूच चिरडतें, कव्हर वांकतें आणि गळती कायमची होते. बोल्ट मध्यापासून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. सिलिकॉनचा लेप जेथें पुस्तिकेंत सांगितला असेल तेथेंच व मोजका लावावा. बाहेर दिसणारा ओघळ जेवढा, तेवढाच आंतहि सुटलेला असतो. तो तुटून पंपाच्या जाळीवर बसला तर तेलाचा मार्गच बंद होतो.

सहावें स्थान चेंबर. आपल्याकडील खडकाळ रस्ते आणि उंच गतिरोधक यांवर चेंबर आपटून पोंचा पडणें नित्याचें आहे. सांध्याचें पॅकिंग गेलें असल्यास चेंबर उतरवून तें बदलावें. पत्र्यास बारीक भोंक पडलें असल्यास चेंबर काढून, धुऊन, कारागिराकडून सांधून घेतां येतें. एपॉक्सीची लांबी ही घरीं पोंचण्यापुरती मलमपट्टी समजावी. चेंबर गाडीवर असतांना त्यास झाळण्याचा प्रयत्न मात्र प्राणावर बेतणारा आहे.

सातवें, पट्ट्याच्या बाजूचीं सीलें. टायमिंगचा पट्टा रबराचा असेल, तर तेलानें तो फुगतो व झिजतो, आणि तो तुटल्यास पुष्कळ इंजिनांत झडपा दट्ट्यांवर आपटून मोठा नाश होतो. म्हणून ही गळती लहान दिसली तरी टाळूं नये. पट्टा बदलण्याची वेळ येईल तेव्हां सीलेंहि त्याच मजुरींत बदलून घ्यावीं. आठवें आणि शेवटचें, गिअरपेटीच्या बाजूचें मुख्य सील. सील स्वतः स्वस्त. महाग असते ती गिअरपेटी उतरविण्याची मजुरी. क्लच बदलण्याचा योग येईल त्याच वेळीं हें सील बदलल्यास मजुरी एकदांच पडते.

बाजारांत गळती थांबविण्याचीं औषधें बाटल्यांतून मिळतात. तीं रबर किंचित्‌ मऊ करून फुगवितात. कडक झालेल्या सीलाच्या मंद पाझरास त्यांचा कधीं कधीं उपयोग होतो; फाटलेल्या पॅकिंगास किंवा गेलेल्या आट्यास मुळींच नाहीं. गळती कमी व्हावी म्हणून पुस्तिकेंत सांगितल्याहून फार घट्ट तेल घालणेंहि बरें नव्हे, कारण थंड इंजिनांत तें वरच्या भागांपर्यंत उशिरा पोंचतें.

केव्हां थांबावें, केव्हां सोसावें

सर्वच गळत्या दुरुस्त करण्यासारख्या नसतात. समजा, महिन्यास पाव लिटर तेल जातें. वर्षाचें तीन लिटर झालें. लिटरास पांचशें रुपये धरले, तर वर्षास दीड हजार रुपयांचें तेल लागेल. मुख्य सीलाच्या कामास सहा हजार पडणार असतील, तर ते भरून निघण्यास चार वर्षें लागतील. आणि गाडी दोन वर्षांत काढून टाकावयाची असेल, तर तेल घालीत राहणें व खालीं पुठ्ठा ठेवणें हेंच अर्थशास्त्र. मात्र दर आठवड्यास डिपस्टिक पाहण्याचा नेम अशा घरांत मोडतां कामा नये.

परंतु चार प्रसंगीं हा हिशेब बाजूस ठेवावा. तेल धुराच्या तापलेल्या नळीवर पडत असेल तर आगीचें भय आहे. तें क्लचांत, पट्ट्यावर किंवा ब्रेकवर जात असेल तर गाडी ऐन वेळीं दगा देईल. गळती आठवड्यागणिक वाढत असेल तर ती उद्यांवर टाकूं नये. आणि चालत्या गाडींत तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला, तर गाडी कडेस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. ‘घर दोन मैलांवरच आहे’ हा विचार त्या वेळीं मनास शिवूं देऊं नये; तेलावांचून त्या दोन मैलांतच इंजिन अडकून बसूं शकतें. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारें 800 मीटर उंच आहे आणि नेरळहून तेथें जाणारा घाट अतिशय खडा आहे. अशा चढावर इंजिन तापतें, तेल पातळ होतें आणि वळणांत चेंबरांतील तेल एका बाजूस जातें. अगोदरच तेल कमी असलेल्या गाडीस हा घाट चढविणें म्हणजे उपाशी बैलास ओझ्याची गाडी जुंपणें होय.

पथ्य

औषधापेक्षां पथ्य स्वस्त असतें. तेल व फिल्टर पुस्तिकेंत सांगितलेल्या अंतरास किंवा मुदतीस, जें आधीं येईल तेव्हां बदलावे. केवळ स्टेशनपर्यंत धांवणारी गाडी पंधरवड्यांतून एकदां तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी, म्हणजे आंतील ओल वाफ होऊन जाते. भातकापणीनंतर शेतांतील उंदीर उबेसाठीं बॉनेटखालीं शिरतात व रबरी नळ्या कुरतडतात; तेव्हां आठवड्यांतून एकदां बॉनेट उघडून पाहावें.

राहिला प्रश्न काढलेल्या काळ्या तेलाचा. तें ओहळांत ओतणें, बांधावर टाकणें किंवा वाळवी लागूं नये म्हणून कुंपणाच्या खांबांस चोपडणें, अशा चाली पुष्कळ ठिकाणीं आहेत. त्या सोडल्या पाहिजेत. त्या तेलांत धातूचा अंश आणि त्वचेस अपायकारक द्रव्यें असतात. वारंवार संपर्कानें त्वचेच्या कर्करोगाचाहि संभव असतो, म्हणून हात साबणानें धुवावे. 2016 च्या घातक कचऱ्याविषयींच्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. पोशीर नदी उल्हासेस मिळते, आणि उल्हासेचें पाणी पुढें बदलापूर, अंबरनाथ, कल्याण या नगरांतील लक्षावधि लोक पितात. आपण अंगणांतून लोटून दिलेला डबा कोणाच्या तरी तांब्यांत उतरतो. तेल झांकणाच्या डब्यांत सांठवून, जें गॅरेज अधिकृत संकलकास देतें, तेथें पोंचवावें.

शेवटीं एकच व्यवहाराची गोष्ट. प्रत्येक घरांत दुधाची व किराण्याची वही असते. तिच्या मागील चार पानें मोटारीस द्यावीं. तेल केव्हां बदललें, किती घातलें, पुठ्ठ्यावर किती थेंब पडले, हें त्यांत लिहावें, आणि हें काम घरांतील एखाद्या विद्यार्थ्याकडे किंवा विद्यार्थिनीकडे सोंपवावें. वही हातांत घेऊन गॅरेजांत जाणाऱ्या मनुष्यास ‘इंजिन खोलावें लागेल’ असें सहसा कोणी उगाच सांगत नाहीं. आणि खरोखरच खोलावें लागलें, तर तें कां, हें त्यास समजलेलें असतें.